वाटाड्याचे शेजारी बदलले

यंत्र दुप्पट ताकदीचं मिळालं आणि वाटाड्या चौपट मंद झाला. असं कधी होतं का? पण त्या दुपारी आमच्या बंदरावर झालं, आणि मी तिथेच होते. बंदराच्या यंत्रांच्या खोलीत मी येरझाऱ्या घालत होते. आजोबा तीनदा म्हणाले, "सुरंगी, एका जागी थांब गो."

कशी थांबणार? बाहेर समुद्रात तीन बोटी खोळंबल्या होत्या. एकीवर माझे बाबा होते, आणि तिच्या तळाची फळी फुटून आत पाणी येत होतं.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते, आणि ती रोज सरकते. कालची वाट आज असेल याचा काही भरवसा नाही. म्हणून वाटाड्या. तो आमच्या बंदराचा संगणक. पाण्याखालची उपकरणं लाटा आणि वाळू मोजतात, आणि वाटाड्या दर पाच सेकंदांनी प्रत्येक बोटीला सांगतो, आता जरा डावीकडे, आता सरळ. उत्तर यायला दहा सेकंदांहून जास्त लागले, तर बोटीने आत शिरायचं नाही, असा बंदराचा नियम आहे. त्या दुपारी वीस लागत होते.

सकाळी जुन्या यंत्राला थंड ठेवणारा पंप बिघडला, म्हणून आजोबांनी वाटाड्याला नव्या यंत्रावर हलवलं होतं. तेही चालू असतानाच. याला थेट स्थलांतर म्हणतात (संगणकाचं सगळं काम, अर्ध्यावरच्या बेरजांसकट, न थांबवता दुसऱ्या यंत्रावर नेणं). आजोबा तरुणपणी तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. पुढे ते संगणक शिकले आणि वाटाड्या त्यांनीच घडवला. त्यामुळे त्याला काही झालं की त्यांचाच जीव खालीवर होतो.

"वाटाड्या, तुला होतंय तरी काय?" मी विचारलं.

"काही नाही. एकही बेरीज चुकलेली नाही," तो शांतपणे म्हणाला. त्याच्या त्या शांतपणाचा मला असा राग आला म्हणून सांगू.

वायरलेसवर बाबा आजोबांना सांगू लागले. "आबा, पाणी उपसणारा पंप जेमतेम पुरतोय. सव्वातीनपर्यंत आत घ्या. नंतर ओहोटीने पाणी उतरलं की सात तास येता येणार नाही. तेवढा वेळ बोट तग धरेल असं वाटत नाही."

घड्याळात पावणेतीन झाले होते.

"बंद करून पुन्हा सुरू करा ना त्याला," मी म्हटलं.

"सुरू होऊन सगळी वाळू नव्याने मोजायला दीड तास लागेल. कुठून आणू दीड तास?" आजोबा खेकसले.

मला रडू येत होतं, आणि रडू यायला लागलं की माझे पाय जास्तच चालतात. चालता चालता मी पडद्याशी थबकले. वाटाड्याच्या प्रोसेसरला (आकडेमोड करणारा भाग) सोळा कोअर आहेत. काम करणारे सोळा जणच म्हणा ना. पडद्यावर प्रत्येकाची पट्टी होती. हिरवा रंग म्हणजे काम, पिवळा म्हणजे वाट बघणं. सोळाही पट्ट्या जवळजवळ पिवळ्या होत्या.

"आजोबा, हे कोणाची वाट बघतायत?"

"एकमेकांची," आजोबा कपाळ चोळत म्हणाले. "लाटांचं गणित वाळूच्या गणिताला सतत आकडे देतं, आणि घेतं. म्हणून कर्नल (कोणतं काम कोणाला द्यायचं हे ठरवणारा, संगणकाच्या आतला कारभारी) त्या दोघांना शेजारशेजारच्या कोअरवर बसवतो. शेजाऱ्यांची कॅश (हाताशी असलेली छोटी, चपळ स्मृती) एकच असते. हात लांबवला की आकडा मिळतो. त्याला इतका वेळ लागायचं कारण नाही."

"पण शेजारी कोण, हे कर्नलला कसं कळतं?"

"त्याच्याकडे नकाशा असतो. टोपोलॉजी म्हणतात त्याला (कोणता कोअर कोणाच्या जवळ, कोणापासून लांब, याची मांडणी)."

मी वाटाड्याला विचारलं, "शून्य नंबरच्या कोअरचा शेजारी कोण?"

"एक नंबर."

मी धावत नव्या यंत्राच्या कपाटाशी गेले. दाराच्या आतल्या बाजूला आकृती चिकटवलेली होती. या यंत्रात प्रोसेसरचे दोन ठोकळे होते. डावीकडच्यात शून्य, दोन, चार, सहा असे सगळे सम. उजवीकडच्यात सगळे विषम. शून्य आणि एक शेजारी नव्हतेच, दोघे दोन टोकांना होते. प्रत्येक आकडा लांबच्या वाटेने जात होता आणि तसाच परत येत होता.

"आजोबा, त्याच्याकडे जुन्याच यंत्राचा नकाशा आहे. नवा का नाही वाचला त्याने?"

आजोबा खाली बघत म्हणाले, "मीच बंदी घातलीय."

आमच्या बंदरावर एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला बोटी पाण्यात उतरतात, तेव्हा तांडेल प्रत्येक खलाशाची जागा ठरवतो. हंगाम संपेपर्यंत ती बदलत नाही. वादळात न बघता हात पुढे केला तरी पलीकडे कोण आहे हे ठाऊक असतं. आजोबांनी कर्नललाही तोच नियम लावला होता. नारळी पौर्णिमेला एकदा नकाशा वाचायचा, मग वर्षभर त्याला हात लावायचा नाही.

"भर हंगामात जागा हलवल्या की घोटाळे होतात," ते पुटपुटले.

"आजोबा, खलाशी तेच आहेत. बोट बदललीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची ओढली.

"जुना नकाशा आत्ता फाडायचा नाही," ते टाईप करता करता सांगू लागले. "मधे क्षणभर जरी नकाशा नसला, तरी कर्नल गोंधळेल. आधी नव्या यंत्राला विचारून नवा नकाशा वेगळा काढायचा. पुरा झाला, तपासला, की कर्नलला सांगायचं, आता याच्याकडे बघ. मग जुना टाकायचा. कामं चालूच राहतात, फक्त एकेक करून योग्य शेजाऱ्यापाशी जाऊन बसतात."

बंदी उठवून, नकाशा दोनदा तपासून होईपर्यंत तीन वाजले. मी नखं खात होते. आजोबांनी शेवटची कळ दाबली.

वीस सेकंद. अकरा. सहा. तीन.

पट्ट्या हिरव्या झाल्या. "दिगू, आत ये. आधी तूच ये," आजोबा वायरलेसवर बाबांना म्हणाले.

तीन वाजून बारा मिनिटांनी तिसरी बोटही धक्क्याला लागली. बाबा चिंब भिजून वर आले. मी त्यांना अशी मिठी मारली की माझाही फ्रॉक भिजला. आजोबा उभेच होते. "चूक माझी होती, दिगू," ते म्हणाले. "तुझ्या जिवावर बेतली असती."

"मग आता नवा नियम लिहा, आबा," बाबा म्हणाले.

तो नियम आजोबांनी आणि मी मिळून लिहिला. पुढच्या महिन्यात जुनं यंत्र दुरुस्त होऊन आलं आणि वाटाड्याला परत हलवलं, तेव्हा नऊ बोटी खाडीच्या तोंडाशी होत्या. उद्या वाटाड्यासारखे संगणक गावोगाव हलतील, कदाचित चंद्रावरही जातील. पण त्या क्षणी मी फक्त पडद्यावरच्या पट्ट्यांकडे बघत होते.

"पोचलो," वाटाड्या म्हणाला. "पण थांबा, आधी माझ्या शेजारी कोण आहे ते बघू द्या."

त्याला दोन सेकंद लागले. नऊ बोटींवर कोणाला काही कळलंही नाही.