पट्टीवरचा पाहुणा

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिला नवऱ्याच्या ईसीजीत दुसऱ्या कुणाचे तरी ठोके दिसले. बावीस मिनिटं ते दिसत राहिले आणि मग थांबले.

ती हृदयनोंदणी केंद्रात तंत्रज्ञ होती. शहरातल्या साडेतीनशे लोकांच्या छातीवर आगपेटीएवढी पट्टी चिकटवलेली असे. पट्टी ठोके टिपून फोनमार्फत केंद्रात पाठवी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत सातजण ते वाचत. यंत्र संशयाच्या जागा पिवळ्या करी. खरं काय नि खोटं काय, ते माणूस ठरवी. अकरा वर्षांत डॉक्टरांनी तिचा निर्णय दोनदाच फिरवला होता, आणि त्या दोन्ही तारखा तिला पाठ होत्या.

नवरा एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत भिंगं घासायचा. महिन्याभरात दोनदा जिन्यात अंधारी आली, म्हणून त्याला पट्टी लागली. पहिल्याच दिवशी कळलं की त्याचं हृदय मधेच थांबतं. तीन सेकंद. एकदा चार. "पाच झाले तर पेसमेकरचं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. घरच्या माणसाची नोंद आपण वाचायची नाही, असा केंद्राचा नियम होता. तिने ती नोंद गुपचूप आपल्याकडे वळवून घेतली.

आणि आता हे. उघड्या कातडीला कातडी लागली, की एकाच्या हृदयाची वीज दुसऱ्याच्या पट्टीवर पुसट उमटू शकते. आई तान्ह्याला छातीशी धरते तेव्हा असं क्वचित दिसतं. केंद्रात त्याला 'पाहुणा' म्हणत.

नवऱ्याच्या छातीशी, भर दुपारी, पाहुणा होता.

तिने त्या बावीस मिनिटांवर 'अडथळा' असा शेरा मारला आणि ती नोंदीतून वगळली. बुधवारी पाहुणा पुन्हा चार दहालाच आला. त्या वेळात नवऱ्याचं हृदय एकदाही थांबलं नाही. मिनिटाला बासष्ट, शाळेच्या पाढ्यासारखे सरळ ठोके. रात्री तिच्या शेजारी झोपतानाही ते इतके शांत नसत. हे तिला पाहुण्यापेक्षाही जास्त झोंबलं.

"दुपारी चारला काय करतोस रे?" तिने जेवताना विचारलं.

"भिंगं घासतो. तू?"

"तुझे ठोके मोजते."

"मग दिसतंय का त्यात प्रेमबिम?"

"काउंटरवरची ती हसरी कशी आहे?"

"ती? आठवडाभर रजेवर आहे. दाढ काढलीय."

"तिच्या दाढेचीही खबर आहे तुला."

"अगं, हसते तेव्हा अख्ख्या दुकानाला दिसते ती दाढ!"

तो हसला. ती ताट उचलून उठली.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती दुकानाच्या बाजूच्या बोळात उभी राहिली. मागच्या खोलीची खिडकी तिथे उघडत होती. चार आठला नवऱ्याने यंत्र बंद केलं, हात पुसले, शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि बाकाच्या एका टोकाला बसला. जागा ठेवून.

चार दहाला तो डावीकडे किंचित कलला, शेजारी कुणी टेकल्यावर आपण कलतो तसा. त्याचे ओठ हलत होते. मग तो मान मागे टाकून हसला. हे हसू तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं, पुढे नाही.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण बाकावरची रेक्झिनची गादी त्याच्या डाव्या बाजूला खोलगट दबलेली होती.

ती तडक केंद्रात परतली. नवऱ्याचे ठोके वगळून तिने पाहुण्याची रेघ वेगळी काढली. शेजारच्या खुर्चीवरचे काका, केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"काय गं, स्वतःचाच ईसीजी घेऊन बसलीस?"

"माझा कुठला?"

"मग कुणाचा? ही खाच बघ, मोठ्या लाटेच्या शेपटाला. नव्या पोरांना मी तुझीच रेघ दाखवून शिकवतो. अशी दुसरी अजून पाहिली नाही."

खाच तिचीच होती. तिने आपली जुनी नोंद शेजारी लावून तीनदा मोजमाप केलं.

मग तिला आठवलं. पट्टीचा गोंद नीट धरावा म्हणून केंद्रातले सगळेच पट्टी आधी दहा मिनिटं आपल्या छातीवर ठेवून ऊब देत. नियमात बसत नव्हतं, पण पट्टी पक्की बसायची. नवऱ्याची पट्टी तिने तशीच ऊब देऊन लावली होती. पण तेव्हा ती चालू केलेली नव्हती. बंद पट्टीत काही उमटत नाही.

परकी बाई नाही, हे कळून तिला बरं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. जी कोणी त्या बाकावर बसत होती, तिच्यासाठी तो हसत होता.

"चारला कुणाशी बोलतोस?" त्या संध्याकाळी तिने सरळच विचारलं.

तो गोंधळला. "म्हणजे? तू येतेस ना रोज. मला वाटलं, घरी तो विषय तुला नको असतो."

"मी येते?"

"तिथे तू किती वेगळी असतेस. काही मोजत नाहीस."

तिने पुढे होऊन त्याच्या छातीवरची पट्टी ओढून काढली.

तासाभराने तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. तिने मनगट धरलं. तीन. चार. पाच. सहा.

सातव्या सेकंदाला तिने पट्टी पुन्हा त्याच्या छातीवर दाबली. ठोका आला. पाठोपाठ, पुसट, दुसरा.

डॉक्टरांना तिने वगळलेल्या मिनिटांसकट सगळं सांगितलं, फक्त खाच कुणाची ते सोडून. त्यांनी ऑपरेशनसाठी पुढच्या गुरुवारची सकाळ दिली. "तोवर पट्टी काढायची नाही. आणि त्याची नोंद आता तुम्ही नाही, काका वाचतील."

पाहुणा आता बावीस मिनिटांवर थांबत नव्हता. रविवारी एक तास. सोमवारी अडीच. नवरा गुणगुणत घरी यायचा, तिच्याकडे पाहिलं की गप्प व्हायचा.

सोमवारी रात्री तिने एक पट्टी स्वतःला लावली. मंगळवारी चार दहाला तिची रेघ आडवी झाली, एकही ठोका नाही. त्या वेळी ती खुर्चीत बसून कुणाला तरी औषधाच्या वेळा समजावत होती. तिला काहीही वाटलं नाही. काकांनी त्या जागी 'पट्टी सुटली' असा शेरा मारला.

पट्टी सुटलेली नव्हती.

बुधवारी पाच वाजता तिने नवऱ्याला केंद्राच्या फोनवरून फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"मी."

तो फोन तोंडापासून दूर धरून कुणाला तरी म्हणाला, "अगं, अगदी तुझ्यासारखा आवाज आहे."

फोन बंद झाला.

सहा वाजता तिने रुग्णालयात फोन करून उद्याची वेळ विचारली. तिथल्या कारकून बाई वैतागल्या. "अहो, आत्ताच तर दोघं येऊन गेलात! ऑपरेशन नको म्हणून लिहून दिलंत. खाली तुमचीच सही आहे."

अर्जाचा फोटो तिने मागवून घेतला. सही तिचीच आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'आता गरज नाही, मी आहे.'

रात्रीचे साडेआठ वाजलेत, नवरा घरी आलेला नाही. त्याचे ठोके केंद्रात येत आहेत. पहिली रेघ, त्याची, पुसट होत चालली आहे. दुसरी, खाचेची, ठळक आहे.