साडेतीन मीटरचं छत

व्हॅनसाठी छत घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार काकांनी आधी माप विचारलंच नाही.

"माणसं किती?"

"एक."

"आणि घरचे?"

"घरचे घरी."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला हवं होतं ते व्हॅनच्या कडेला गुंडाळून बसणारं आणि हँडल फिरवलं की बाहेर येणारं कापडी छत. समोर त्याला दोन पाय असतात. "एकटीला दोन मीटर रग्गड झालं," काका म्हणाले. मोठ्या माणसांनी 'रग्गड' म्हटलं की मला ते हमखास कमी वाटतं. मी साडेतीन मीटरचं घेतलं.

"बरं. पण लावताना एक पाय वीतभर खाली ठेव, पोरी. सपाट ठेवलंस तर पाणी साचून झोळ पडतो."

मी सपाटच लावलं. तिरकं छत मला बावळट दिसतं.

बाबांशी पैज लागली होती. महिनाभर एकटी राहिले तर व्हॅन माझी. मध्येच 'घ्यायला या' म्हटलं, तर ते ती विकणार. "चार दिवसांत फोन येईल," पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले होते.

तलावाकाठच्या मोकळ्या माळावर मी मुक्काम ठोकला. शेजार म्हणावा तर फक्त वारा. छताखाली एक खुर्ची मांडली की बाकीची सगळी सावली रिकामी उरायची. दहाव्या दिवशी मी स्वतःशी मोठ्याने बोलायला लागले. पुढे एकदा दुसरी खुर्चीही मांडली, बॅग ठेवायला म्हणून. बॅग खालीच राहिली.

एकोणिसाव्या दिवशी, ऊन कलल्यावर, छताला झोळ पडलेला दिसला. चांगला माणसाएवढा लांब. मी काकांना फोन लावला.

"पाणी साचलंय," ते म्हणाले. "झाडूच्या दांड्याने खालून उचल, ओघळून जाईल."

"पाऊस पडलेलाच नाही, काका."

"मग कापड सैल पडलं असेल. सपाट लावलंस ना?"

मी फोन ठेवला आणि दांडा लावून झोळ वर रेटला. जड होता. पाण्याला धक्का दिला की ते लगेच पळतं. हे पळालं नाही. सावकाश कडेला सरकलं… झोपेत कोणी कूस बदलावी तसं. मग पुन्हा स्थिर झालं.

मी दांडा खाली टाकला. पुन्हा वर बघायचा धीर झाला नाही.

दिवस मावळताना वारा उठला आणि पाठोपाठ पाऊस आला. वाऱ्यात छत उघडं ठेवलं तर पाय मोडतात, म्हणून भिजत भिजत हँडल फिरवलं. कापड सपाट होऊन मुकाट्याने आत गेलं. त्यातून काहीच खाली पडलं नाही.

मी आत जाऊन बिछान्यावर बसले. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"पाऊस आहे का गं तिकडे?"

"धो धो."

"मला तर आवाज येत नाहीये."

मी कान दिला. दाराकडचा टपाचा पत्रा फुटेल इतका वाजत होता. स्वयंपाकाच्या ओट्यावरचाही. फक्त माझ्या डोक्यावर, बिछान्याच्या लांबीएवढ्या पट्ट्यात… एकही थेंब वाजत नव्हता.

"हॅलो? काय झालं?"

अकरा दिवस उरले होते. बाहेर चिखल झाला होता, त्यातून व्हॅन हलली नसती.

"बाबा… घ्यायला या."

मी टोमण्याची वाट पाहिली. तो आलाच नाही. "निघालो," ते म्हणाले. "तासभर लागेल. तोवर दार आतून नीट लावून घे. कोणी हाक मारली तरी उघडू नकोस."

आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्यांचं लगेच ऐकलं. दार ओढलं, वरची कडी घातली, खालचीही घातली.

खालची कडी बसली आणि बिछान्यावरचा पत्रा वाजायला लागला. आधी दोन-चार थेंब. मग बाकीच्या टपासारखाच, धो धो, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

वर आता कोणी नव्हतं.

मी दाराकडे तोंड करून उभी होते. बाबांना यायला अजून तास होता… आणि मागे वळून बघायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं.