दुपारचा ढग

“माझा डोळा एक ढग खातोय,” लंकाबाई म्हणाली.

स्नेहलताईंनी वहीत लिहिलं: संशयित, ढग. डिंगोरे गावात पिठाच्या गिरणीवर ऑफिस थाटलेल्या या डिटेक्टिव्ह बाईंना चोरीच्या मोटारी शोधायची सवय. मदतनीस गोरखला मात्र ढगाचा पत्ता कुणाला विचारावा ते कळेना.

तीन आठवड्यांपूर्वी भात झोडताना लंकाबाईच्या डोळ्यात तूस गेलं. शेजारच्या बायडाबाईनं ते रीतीप्रमाणे जिभेनं काढलं. मग बुबुळावर पांढरा ठिपका उठला. डॉक्टरांनी खरवडून तपासलं. बुरशी निघाली. तासातासाला थेंब सुरू झाले, तरी ठिपका वाढतच होता. असाच वाढला तर आठ दिवसांत बुबुळाला भोक पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

“सून थेंब घालते. दुधासारखा. लई झोंबतो, डोळ्याच्या कडेला पांढरं साठतं. पण दुपारी डोळा लागला की ढग येतो. पाण्यासारखा गार थेंब टाकून जातो. मग दुखायचं थांबतं.”

स्नेहलताई आणि गोरख लंकाबाईच्या घरी गेले तेव्हा अंगणात ऊनसुद्धा पेंगत होतं.

“मोबाइलला गजर लावलाय, ताई,” सून मोहिनी म्हणाली. “फक्त बारा ते दोन शेतावर असते.”

बायडाबाई म्हणाली, “मी जीभ एकदाच लावली.” मग आशेनं गोरखकडे बघितलं. “तुमच्या डोळ्यात काय गेलंय का, पावणं?”

गोरख दोन पावलं मागं सरला.

नवरा गेणभाऊ डोक्यावर टोपी अन् डोळ्यांवर काळा चष्मा लावून बाजेवर होते. महिन्यापूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. “मला काय इचारता, मी अजून अर्धा आंधळा. गोरख, मेडिकलातनं माझी थेंबाची बाटली आण बरं. चौथी हाय म्हणावं.”

गोरखनं आभाळ तपासलं. निरभ्र. ढग फरार होता.

“ढगानं काळा चष्मा लावलाय,” स्नेहलताई म्हणाल्या. “मोहिनीचं औषध दुधासारखं, ढगाचं पाण्यासारखं. म्हणजे बाटली वेगळी. ऑपरेशननंतरचे थेंब दर आठवड्याला कमी करायचे असतात, गेणभाऊ. महिन्यात तीन बाटल्या एका डोळ्यात जिरत नाहीत. अन् दुपारी मोहिनी शेतावर असते, तुम्ही घरी.”

गेणभाऊंनी उशाखालून बाटली काढली.

“त्यात स्टेरॉइड आहे. सूज उतरते, बरं वाटतं. पण बुरशीशी झुंजणारी अंगातली ताकद झोपते. बुरशी जागीच राहते.”

गेणभाऊंनी चष्मा काढला. “ती कण्हायची, राव. माझा थेंब पडला की गप झोपायची. मला वाटलं, गुण येतोय.”

त्याच दुपारी ते स्वतः बाटली घेऊन डॉक्टरांपुढे उभे राहिले. गार थेंब बंद झाला, झोंबरा दीड महिना चालला. डोळा राहिला, मधोमध पांढरा डाग घेऊन. बुबुळ बदलायचं का, ते डॉक्टर पुढं ठरवणार होते.

लंकाबाईनं चांगला डोळा तळहातानं झाकला.

“दिसतोय का मी?” गेणभाऊंनी विचारलं.

“ढगच दिसतोय,” ती म्हणाली. “पर टोपी तुमचीच.”