ओलाऊसच्या फाट्यावर तुटणारा बोल्ट

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी पदरचं काही घालत नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. १४ जानेवारी, मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. जागा नॉर्वेतली. आमच्या शेतापासून खालच्या सरकारी रस्त्यापर्यंत उतरणारा आमचा आठशे मीटरचा खाजगी रस्ता.

तीन दिवस वादळ होतं. रस्ता बर्फाने कमरेइतका बुजलेला.

माझा नवरा आर्नस्टाइन डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा टॅक्सी येते आणि त्याला शहरातल्या हॉस्पिटलात नेते. शनिवारी ती वर येऊच शकली नाही. मंगळवारपर्यंत त्याचे पाय सुजले होते, आणि दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबावं लागत होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं होतं, "आज काही झालं तरी चुकवायचं नाही."

टॅक्सी साडेअकराला येणार होती.

"ट्रॅक्टरला शिव्या घालू नकोस," आर्नस्टाइन खिडकीतून म्हणाला. "त्याने तो पळत नाही."

"तू तुझा श्वास सांभाळ. ट्रॅक्टरचं मी बघते."

आमचं बर्फ उडवायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागे बसवलेलं आहे. म्हणजे सगळा रस्ता उलटा चालवायचा. मान मागे वळवून, तासन् तास. बत्तीस हिवाळे मी हेच करतेय आणि माझी मान आता सरळ बघायलाच विसरली आहे. वारा उलटला की उडवलेला सगळा बर्फ काचेवर येतो. आंधळ्यासारखं जायचं.

एक गोष्ट लक्षात घ्या. उलटं चालवताना न उघडलेला रस्ता तुमच्या डोळ्यांसमोर असतो.

साफ केलेला रस्ता तुमच्या पाठीशी...

अर्ध्या वाटेवर आमच्या शेजाऱ्याच्या, ओलाऊसच्या घराकडे जाणारा फाटा आहे. तिथे पोचले आणि खाट्!

बोल्ट तुटला.

हा बोल्ट मुद्दाम कच्चा असतो. यंत्रात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. मी शिव्या देत खाली उतरले. पात्यांत हात घालून बघितलं.

दगड नव्हता. फांदी नव्हती. काहीच नव्हतं.

नवा बोल्ट बसवला. बोटं बधिर झाली होती. वर चढायला वळले तेव्हा दिसलं. आत्ताच साफ केलेल्या रस्त्यावर पावलं होती. मोठ्या बुटांची. रस्त्याच्या मधोमध सुरू झालेली... आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापाशी संपलेली.

माझीच असतील, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मला टॅक्सीची घाई होती.

दोन मीटर गेले. खाट्!

या वेळी उतरताना आधी खाली बघितलं. पावलं ट्रॅक्टरवर चढायच्या पायरीपर्यंत आली होती.

माझा पाय छत्तीस नंबरचा. ते बूट पंचेचाळीसचे तरी असतील.

इथे सांगायलाच हवं. ओलाऊस वर्षापूर्वी वारला. एकटा म्हातारा, कुरकुऱ्या. दर बर्फाला त्याचा फोन यायचा. "सोलफ्रीड, माझ्या दाराशी ढीग ठेवलास." "सोलफ्रीड, मला शेवटीच का?" त्याच्याकडे ट्रॅक्टर नव्हता. त्याचा फाटा उघडणं हा आमचा शेजारधर्म. मागच्या जानेवारीत असंच वादळ झालं. आमच्या दुधाचा टँकर येणार होता, म्हणून मी आधी आमचा रस्ता घेतला. खिशात फोन तीनदा वाजला. नाव बघितलं आणि उचलला नाही.

ॲम्ब्युलन्स फाट्याच्या तोंडाशी अडकली. माणसं बर्फ तुडवत आत गेली. तो दारामागच्या खुर्चीत बसला होता. बूट घातलेले, कोट चढवलेला, बॅग मांडीवर.

मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

या हिवाळ्यात मी त्याचा फाटा उघडलाच नव्हता. मेलेल्या माणसाकडे कोण जाणार?

तिसरा बोल्ट बसवला. तोही गेला. तिथेच.

सव्वादहा वाजले होते. हातात शेवटचा बोल्ट. संतापाने मला रडू फुटलं. तिकडे वर माझा माणूस श्वास मोजत बसलाय, आणि मी अर्धा मीटर पुढे जाऊ शकत नाही!

मी फाट्याकडे तोंड करून ओरडले, "बरं बाबा! आधी तुझं! झालं समाधान?"

बोल्ट बसवला. यंत्र ओलाऊसच्या फाट्यात घातलं.

लोण्यासारखं गेलं. त्याच्या दारापर्यंत.

दाराशी मी ढीग ठेवला नाही. आणि निघताना मागे वळून बघितलंही नाही.

मग उरलेला रस्ता घेतला. बोल्ट टिकला. अकरा पंचवीसला मी सरकारी रस्त्याला लागले. टॅक्सी उभीच होती. एगिल नावाचा नवा ड्रायव्हर, शहरातला पोरगा. तो वर गेला आणि आर्नस्टाइनला घेऊन उतरला. फाट्यापाशी गाडी क्षणभर थांबली. मागचं दार उघडलं...

आणि बंद झालं.

आर्नस्टाइनला मळमळत असेल, असं मला वाटलं. गाडी माझ्याजवळून गेली, तेव्हा काचेवर वाफ होती.

चार वाजता एगिलचा फोन आला.

"आर्नस्टाइन मस्त आहे. गाडीत बसून घोरतोय. पण दुसऱ्याचं काय करू?"

"दुसरा कोण?"

"अहो, तो फाट्यावर चढलेला म्हातारा. बॅगवाला. तुमचा शेजारी ना? मी विचारलं, फार वेळ थांबावं लागलं का? तर म्हणाला, सवय आहे. हॉस्पिटलच्या दारातून आत गेला तो गेलाच. आत कोणाला त्याचं नाव सापडत नाही. बाहेर गोठायला होतंय. थांबू का त्याच्यासाठी?"



"थांबू नकोस," मी म्हणाले. "माझ्या माणसाला आधी घरी आण."

आर्नस्टाइन सुखरूप आला. म्हणतो, मागे मी एकटाच होतो. एगिल म्हणतो, दोघं होते. मी वाद घालत नाही. संध्याकाळी टॉर्च घेऊन फाट्यावर गेले. त्याच्या दारापासून रस्त्यापर्यंत पावलं गेली होती. परत आलेलं एकही नव्हतं.

आता प्रत्येक बर्फाला मी आधी त्याचा फाटा उघडते. बोल्ट एकदाही तुटलेला नाही. पण फोनवर मी काय बोलले ते मला माहीत आहे. विचार न करता, पटकन.

मला पुन्हा निवडायला मिळालं होतं, आणि मी त्याला पुन्हा शेवटीच ठेवलं.