गाण्याआधीचा श्वास

योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराबाहेर, बसथांब्याला लागूनच, सगळे जिला मावशी म्हणत तिची खाण्याची गाडी होती. त्या सकाळी पाऊस पाडावा की बर्फ, हे आभाळाचंच ठरत नव्हतं. मिरान गाडीच्या ताडपत्रीखाली उभी होती. एका हातात माशाच्या वड्यांची काडी, दुसऱ्या हातात काडेपेटीएवढा गाण्यांचा प्लेअर. एकच गाणं ती बाराव्यांदा पहिल्यापासून लावत होती.

"गाणं आवडलंय, की बटण?"

तिने इयरफोन काढून शेजारी पाहिलं. रश्श्याच्या वाफेने चष्मा धुरकटलेला एक तरुण तिच्याकडे... नाही, प्लेअरकडे बघत होता. तिला उगाचच राग आला.

"दोन्ही नाही. काम आहे माझं."

काम खरंच होतं. नवा प्लेअर विक्रीला येण्याआधी दहा जणांना दहा दिवस वापरायला द्यायचा आणि त्यांनी संगीतवेड्यांच्या संकेतस्थळावर त्याचं बरंवाईट लिहायचं, अशी तिथली रीत. दुकानदार ते वाचूनच माल उचलत. बहुतेक जण गोडगोड लिहून मोकळे होत. मिरानला ते कधी जमलंच नाही.

त्याचं नाव गीसॉक. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता, तिसऱ्याही. एक कान त्याचा, एक कान तिचा, मध्ये वीतभर वायर. बस आली की दोघांपैकी कुणीतरी म्हणे, "पुढची पकडू."

"तुमचा इयरफोन नीट बसत नाहीये," एकदा तो म्हणाला.

"मग बसवा ना." बोलून गेली आणि स्वतःच लाजली. त्याची बोटं थंडगार होती, आणि कान मात्र तिचा तापला.

"माझ्या गाडीपाशी लग्न जमलं तर वड्या फुकट नाहीत हं," मावशी झाऱ्याने रस्सा ढवळत म्हणाली.

आठव्या सकाळी प्लेअर अडकला, पडदा काळा. गीसॉकने तो हातात घेतला, दोन बटणं एकदम दाबून तीनपर्यंत मोजलं... आणि कुठल्याही माहितीपुस्तकात नसलेली यादी उघडली.

"हे तुम्हाला कसं माहीत?"

त्याचा चेहरा पडला. "कारण... मीच बनवलाय. आम्ही सात जण आहोत. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही." मग घाईने म्हणाला, "तुम्ही काय लिहिणार ते मला सांगू नका. नियमच आहे तो. आणि परवा दुपारपर्यंत मी इथे येणार नाही."

तो गेला. काय लिहायचं, हे मिरानला पाचव्या दिवसापासून माहीत होतं. प्लेअर गाण्याची सुरुवात गिळत होता. अगदी निमिषभर. पण गायिका पहिल्या शब्दाआधी जो श्वास घेते, तो नेमका त्यातच जाई. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. न लिहिलं, तर सात जणांची मेहनत तरणार होती. लिहिलं, तर तो पुन्हा तोंड दाखवेल का?

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. दहाव्या दिवशी ती इंटरनेट कॅफेत बसली. दोषाबद्दलचं वाक्य लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं. 'आवाज निर्मळ, वजन हलकं, बॅटरी दमदार'... सगळं खरं होतं, आणि तरी ती चोरी वाटत होती. मुदत दुपारी बाराची होती; बाराला पाच कमी असताना तिने शेवटचा परिच्छेद लिहिला, श्वासाचा. डोळे मिटून बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी गीसॉक आला नाही. तिसऱ्याही नाही. मिरान येणाऱ्या प्रत्येक बसकडे बघे. मावशीने न विचारता तिच्या पेल्यात रस्सा ओतला, आणि त्या मायेनेच तिला रडू फुटायचं बाकी राहिलं. संपलं सगळं, माझ्याच हाताने, असं तिने मनाशी पक्कं केलं.

चौथ्या सकाळी तो आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"फार नुकसान झालं?" तिने विचारलं.

"विक्री तीन आठवडे पुढे ढकललीय, दुरुस्तीसाठी रात्रंदिवस बसलोय आम्ही. साहेब आधी ओरडले, मग तुमचा लेख वाचून पहिल्यांदाच नीट कान देऊन बसले." त्याने चष्मा काढला. "महिनाभर मी हेच सांगत होतो त्यांना. सगळे म्हणायचे, तुझे कान बिघडलेत."

"म्हणजे... रागावला नाहीत?"

"मी घाबरलो होतो. वेगळ्याच कारणाने." चष्मा पुसायच्या निमित्ताने त्याने मान खाली घातली. "वाटलं, माझ्यासाठी तुम्ही ते लिहायचं सोडून द्याल. तसं झालं असतं, तर मला जे विचारायचंय ते विचारताच आलं नसतं. तुमचं 'हो' खरं की माझं मन राखायला, हे कसं कळलं असतं मला?"

बस आली, थांबली, निघूनही गेली. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

"मग विचारा ना," मिरान म्हणाली.

"तुम्हाला... मी आवडतो?"

तिने खोल श्वास घेतला. तो गीसॉकला अगदी स्पष्ट ऐकू आला.

"हो," ती म्हणाली.