ओठांइतकं पाणी

सावली बघून सोमेश भिंतीला टेकला न् त्याच्या शर्टाची पाठ पांढरीफेक झाली. चुना अजून ओला होता. दारातून कुणीतरी खळखळून हसलं.

"साहेब, पूर मोजायला आलात का घर रंगवायला?"

ही सिद्धेश्वरी. कपाळावर विभूती, हातात चुन्याची बादली.

सोमेश शहरातल्या नवी पेठेतल्या कापडवाल्यांचा मुलगा. सीना नदीकाठच्या गावांचा पूर-नकाशा करत होता. पाणी कुठवर चढलं, तिथं भिंतीवर निळी रेघ ओढायची. म्हणजे पुढच्या पुरात आधी कुणाला उठवायचं ते कळतं.

तिचे वडील गुरप्पा म्हणाले, आमच्याकडं घोट्याएवढंच होतं. दुपारी पाहुणे लेकीला बघायला येणार होते. एकुलती एक लेक, घर तिचंच. ते पुरात बुडणारं निघालं तर सोयरीक मोडणार. म्हणून तर गाळाचा डाग चुन्याखाली गेला होता.

"घोट्याएवढं लिहिलं तर…" सोमेश तिला हळूच म्हणाला, "या आळीला पुराचा निरोप शेवटी येईल."

तिनं शेजारच्या खिडकीकडं पाहिलं. आत अंथरुणाला खिळलेल्या रत्नम्मा होत्या. गेल्या पुरात तिनंच त्यांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं.

पाहुणे आले. चहा झाला न झाला, तोच सिद्धेश्वरी नव्या साडीनिशी उठली आणि बाहेर येऊन ओल्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"ओढा रेघ."

"कुठं?"

"माझ्या ओठांइतकी."

सोमेशनं कुंचला रंगात बुडवला. कुंचला तिच्या गालाला वारा घालत गेला… निळा ठिपका तिच्या हनुवटीवर उडाला.

पाहुण्यांनी चपला घातल्या. गुरप्पा कट्ट्यावर बसून लेकीला म्हणाले, "आता या घराला जावई कोण मिळणार, यव्वा?"

"न मिळू दे की, अप्पा. पाणी लपवून मिळणारा नवरा मला नको हाय."

सोमेश रेघेखाली जाऊन उभा राहिला. "माझ्या गळ्यापर्यंतच येतंय, मामा," तो म्हणाला. "आणि मला पोहता येतं."

गुरप्पांनी मान वर केली. सिद्धेश्वरीनं ठिपका पुसायला पदर उचलला… पण पुसला नाही.

"नुसतं पोहून काय होतंय?" ती म्हणाली. "रत्नम्माला पाठीवर घेऊन दाखवा."

शेजारच्या खिडकीतून आवाज आला, "मी तयार हाय की."