सात व्होल्ट

डीशाच्या एका शीतगृहात चार हजार पोती बटाटा होता आणि आतलं तापमान हळूहळू चढत होतं. तिथल्या कंट्रोलरमध्ये चुकीचं सेटिंग बसलं होतं. यंत्र वीस वर्षांचं. त्याच्याशी बोलायचं तर टेलिफोनवरून, मोडेमनेच. मकरपुऱ्यातल्या आमच्या कंपनीत हे काम माझ्याकडे आलं.

"सोडून दे, देवश्री," दत्ताजीराव साहेब म्हणाले. "नवा कंट्रोलर यायला तीन आठवडे लागतील. तसं कळव त्यांना."

बटाटा तीन आठवडे थांबणार नव्हता. मी कपाटातला मोडेम कार्डवाला जुना लॅपटॉप उचलला आणि दांडिया बाजारात सरोजिनी आत्याकडे गेले. तांब्याच्या तारेचा फोन माझ्या ओळखीत तिच्याकडेच उरला होता. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिने ट्रंक कॉल जोडले.

लॅपटॉपवर लिनक्स होतं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कोणीतरी फार पूर्वी लिहून वाऱ्यावर सोडलेला. त्याचा कोड लिनक्सच्या आजच्या गाभ्याला जुळवत मी दोन दिवस आत्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. एक चूक काढली की चार नव्या निघत. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला ड्रायव्हर एकदाचा चढला, मोडेमचा पोर्ट पडद्यावर दिसला, आणि मी इतकी जोरात ओरडले की आत्याच्या हातातल्या गवारीच्या शेंगा खाली सांडल्या.

मी नंबर फिरवला. उत्तर आलं : नो डायलटोन.

पुन्हा तेच. रिसीव्हर उचलून पाहिला. सकाळी त्यात टोन होता. आता नुसती पोकळी.

शीतगृहाच्या रमणभाईंचा मेसेज आला : अकरा डिग्री.

मी मीटर लावला. फोन ठेवलेला असताना लाइनवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात. रिसीव्हर उचलला की सात-आठावर येतात. मीटर सात दाखवत होता. रिसीव्हर जागेवर होता. लॅपटॉपची वायर काढली. सात. जिन्याखालची फोनच्या तारांची पेटी उघडून पाहिली. तार कुठे चिकटली नव्हती, गंज नव्हता.

"कोणीतरी लाइनवर आहे," आत्या म्हणाली.

"घरात आपण दोघीच आहोत."

"घरात आहे, असं कुठे म्हटलं मी?"

तिने पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग बोलली तो आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. सपाट, सौम्य, घाई नसलेला.

"भाई, लाइन छोडो. अर्जंट छे."

थांबली. "हां... हां. बोलो."

माझ्याकडे पाठ करून ती आणखी काही पुटपुटली आणि रिसीव्हर खाली ठेवला.

मीटर अठ्ठेचाळीसवर गेला.

मी विचार केला नाही. वायर जोडली, नंबर फिरवला. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून पलीकडची घंटी वाजली, मग ती किरकिरती शीळ, घरघर. कनेक्ट.

सेटिंग बदलायला चार मिनिटं लागली. पाचव्या मिनिटाला रमणभाईंचा फोन. मागे पंख्यांची घरघर, कोणाच्या तरी टाळ्या. "बेन, चालू थई गयुं! बधा पंखा चालू!" साहेबांना कळवलं, तर ते म्हणाले, "शाब्बास गं पोरी." मी आत्याला धरून टेबलाभोवती गिरकी घेतली. दोघी दम लागेपर्यंत हसलो.

संध्याकाळी सहाला शीतगृहातलं तापमान सात डिग्रीवर उतरलं होतं. बटाटा वाचला होता.

चहा घेताना मी विचारलं, "आत्या, कोण होता गं तो?"

"नाव नाही सांगितलं. त्याचा कॉल लागायचा राहिलाय म्हणाला. फार दिवस थांबलाय."

"मग?"

"मग काय? लाइन सोड, तुझा जोडून देते म्हटलं. नंबर लिहून घेतला."

तिने फोनखालून वर्तमानपत्राचा तुकडा काढला. पेन्सिलीने लिहिलेले दहा आकडे, तिच्या रेखीव हस्ताक्षरात.

"मोबाइलचा दिसतोय," ती म्हणाली. "ओळखतेस का कोणाचा ते?"

मी ओळखत होते. त्या नंबरचं सिम मी त्याच सकाळी लहरीपुऱ्यातून माझ्यासाठी घेतलं होतं. अजून ते पाकिटातच होतं, फोनमध्ये घातलंही नव्हतं.